आधी ताईचे पैसे

दुकान बंद झालं तरी गुण्याभाऊंची सकाळ काही बदलली नव्हती. ते उठत, दाढी करत, इस्त्रीचा शर्ट अंगात घालत आणि मग जायला ठिकाणच नाही हे आत्ताच कळल्यासारखे खिडकीपाशी उभे राहत. बायको त्या वेळेला मुद्दाम पाठ करून भाजी निवडायला बसे. माणूस असा उभा असताना कुणी त्याच्याकडे बघू नये, एवढं तिला समजत होतं.

गुण्याभाऊ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं अवजार. फोटोंच्या फ्रेमा करणाऱ्या या माणसाच्या खिशात पेनाऐवजी तेच असे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. कोपरा केसभर जरी चुकला, तरी गिऱ्हाइकाने पसंत केलेली फ्रेमसुद्धा ते मोडून पुन्हा करत. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "अहो, माझी भिंतच वाकडी आहे. सरळ फ्रेम घेऊन करू काय?"

"भिंत तुमची," गुण्याभाऊ म्हणाले, "फ्रेम माझी."

त्या सकाळी बायको शेंगांच्या शिरा काढत होती आणि दारावर टकटक झाली. दोघंही दचकली. हल्ली त्यांना थापांवरून माणसं ओळखू यायची. घरमालक बोटाच्या पेराने वाजवी, काचवाला सगळा तळहात आपटे. ही थाप त्यातली नव्हती. हलकी होती, वाजवून दोन पावलं मागे सरलेल्या माणसाची.

बायकोने दार उघडलं तर थोरली नणंद. गुण्याभाऊंची ताई. हिने आजवर कधी दार वाजवलं नव्हतं. ती खालच्या जिन्यापासून "छोट्या, आहेस का रे?" असं ओरडत यायची आणि पन्नाशी उलटलेला तिचा छोट्या दार उघडून उभा असायचा.

"वन्सं, या ना. अशा बाहेर काय उभ्या?"

ताई आत आली, पण बसली नाही. पिशवीतून एक लिफाफा काढून तिने भावापुढे धरला. "हे वाच. शब्द वाचता येतात मला. अर्थ तू सांग."

गुण्याभाऊंनी लिफाफा घेतला नाही. वरचा कोर्टाचा शिक्काच त्यांना पुरला. शेवटी बायकोने कागद उघडला. तुमच्या भावाने नादारीचा अर्ज केला आहे, अर्जाच्या आधी वर्षभरात त्याने तुमचं कर्ज फेडलं आहे, ती रक्कम परत करावी, असा मजकूर होता.

"नादारी म्हणजे दिवाळंच ना?" ताईने विचारलं.

"हो," बायको म्हणाली.

"आणि मला हे पोस्टमनने सांगायचं?"

बायकोला वाटलं, वन्संनी ओरडावं. भाड्याच्या खोलीत भिंती पातळ असतात, शेजारी ऐकतील, ऐकू देत. पण ताई ओरडली नाही.

झालं होतं ते असं. एका नव्या हॉटेलाने गुण्याभाऊंना खोल्याखोल्यांसाठी फ्रेमांची मोठी ऑर्डर दिली. एवढं काम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. लाकडी पट्ट्या उधारीवर आल्या, काच उधारीवर आली. कोपरे कापायचं नवं यंत्र घ्यायला ताईने शाळेतल्या नोकरीतून साठवलेली ठेव मोडून पैसे दिले. तिने तिथे वर्षानुवर्षं मुलांची ताटं घासली होती. फ्रेमा तयार झाल्या, दुकानात मावेनात म्हणून घरात आल्या, पलंगाखाली गेल्या. हॉटेल काही उघडलं नाही.

मालक फोन उचलेना, तेव्हा कुणीतरी म्हणालं, कोर्टात जाऊन बघा, दिवाळ्याचे कागद कुणालाही बघता येतात. गुण्याभाऊ बायकोला घेऊन गेले. तळमजल्यावर एक खिडकी होती. तिथल्या कारकुनाने कोण, कशाला, काही विचारलं नाही. नाव घेतलं, संगणकात घातलं, किरकोळ फी घेतली आणि हॉटेलवाल्याची फाईल समोर टाकली. गुण्याभाऊ हबकलेच. "म्हणजे कुणीही येऊन बघू शकतं?"

"सार्वजनिक असतं ते," कारकून म्हणाला. "उद्या तुमचं झालं तर तुमचंही."

घेणेकऱ्यांच्या यादीत त्यांचं स्वतःचं नाव होतं, खूप खाली. शंभरातले चार मिळाले तर नशीब, असं कारकुनाने मोकळेपणी सांगितलं. त्याहून खाली, अगदी तळाला, हॉटेलवाल्याच्या सासूचं नाव होतं. गुण्याभाऊ त्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसले.

"घरची म्हातारी," ते परत येताना म्हणाले. "परक्यांच्या मागे रांगेत उभी केली त्याने. लाज वाटली नसेल?"

बायकोने तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण तिच्या डोक्यात भाड्याचा हिशेब होता. पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते यंत्र विकलं आणि मिळालेले सगळे पैसे ताईला नेऊन दिले. धंदा बरा चाललाय, म्हणाले. मग त्याच खिडकीवर जाऊन स्वतःच्या दिवाळ्याचा अर्ज आणला. त्यात एक प्रश्न होता: गेल्या वर्षभरात नात्यातल्या कुणाला पैसे दिले आहेत का? कारकुनाने मान वर न करता म्हटलं होतं, "बहुतेक जण तिथे 'नाही' लिहितात."

गुण्याभाऊंनी 'हो' लिहिलं. पुढे ताईचं नाव, पत्ता आणि रक्कम, पै न पै.

आता, त्याच दुपारी, तिघं कोर्टाने नेमलेल्या अधिकारी बाईंसमोर बसली होती. बाई चाळिशीच्या, आवाज मऊ, टेबल स्वच्छ. त्यांनी ताईला पाणी दिलं.

"तुमचा काही दोष नाही, आजी. पण बुडणाऱ्या माणसाने आधी आपल्या माणसांना द्यायचं आणि बाकीच्यांना कोरडं ठेवायचं, हे चालत नाही. काचवाल्यालाही घर आहे. ते पैसे सगळ्यांत वाटावे लागतील."

"पैसे नाहीत," ताई म्हणाली. "डोळ्यात घातलेत."

"म्हणजे?"

"मोतीबिंदू काढला. दोन्ही डोळ्यांचा. भिंगं बसवलीत आत. काढून देऊ?"

बाईंच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं आणि मध्येच थांबलं. "हप्ते बांधून देते," त्या म्हणाल्या. "तुमच्या पेन्शनमधून. झेपेल एवढेच. पैसे परत आले की तुमचंही नाव यादीत येईल, म्हणजे इतरांना मिळेल तेवढं तुम्हालाही."

"शंभरातले चार," गुण्याभाऊ पुटपुटले. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिले शब्द.

बाई त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही ते यंत्र का विकलंत पण? माणसाच्या धंद्याची अवजारं आम्ही धरत नाही. राहिलं असतं तुमच्याकडे."

हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं. बायकोने पाहिलं, त्यांचा हात वरच्या खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. यंत्र गेलं, दुकान गेलं, आणि ज्या एका माणसाला वाचवायला हे सगळं केलं, त्याच माणसाला आता म्हातारपणी पेन्शनमधून परक्यांची देणी फेडायची होती. तिला एकदम त्यांचा भयंकर राग आला. मग तो ठेवायला जागा सापडेना.

ताईने दाखवलेल्या ठिकाणी सह्या केल्या. नव्या डोळ्यांनी प्रत्येक ओळ वाचून केल्या.

बाहेर आल्यावर ती थांबली नाही, फाटकाशीच्या बस थांब्यापर्यंत एकटीच पुढे गेली. बायको तिच्यामागे धावली. "वन्सं, घरी चला. दोन घास खाऊन जा."

"नको गं. तुझ्यावर नाही राग."

"त्यांनी तुमच्यासाठीच केलं हो."

"माहीत आहे मला!" आता ताईचा आवाज चढला. थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. "आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. माझ्या ताटात जेवला हा. माझे पैसे बुडाले असते तर बुडाले असते, मी रडले असते, याला चार शिव्या दिल्या असत्या, आणि रात्री याच्याच घरी जेवले असते. त्याने मला काय केलं? हिशेब चुकता करून मोकळं केलं. धंदा बरा चाललाय म्हणून तोंडावर सांगितलं. मी पेढे वाटायचेच तेवढे बाकी होते!"

गुण्याभाऊ तोवर जवळ पोचले होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"त्या सासूला यादीत घातलं ना हॉटेलवाल्याने," ताई आता थेट त्यांच्याशी बोलली. वाटेत बायकोने तिला ती हकीकत सांगितली होती. "तुला वाटलं तिचा अपमान झाला. अरे, निदान तिला माहीत तरी होतं जावई बुडतोय ते."

एवढं बोलून ती बाकावर बसली आणि पिशवी तिने शेजारी, रिकाम्या जागेवर ठेवली. बस येत होती की नाही हे बघायला मान दुसरीकडे वळवली ती वळवलीच. बायकोला त्या पिशवीचा अर्थ कळला. घरात कुणावर रुसली की ताई शेजारी पिशवी ठेवून अशीच बसायची, आणि तिथे कुणी बसायची हिंमत करत नसे.

गुण्याभाऊ तिच्यासमोर उभे राहिले. शर्टाची इस्त्री सकाळची होती, अजून मोडली नव्हती. माफी मागतील, असं बायकोला वाटलं. हप्ते मी भरीन म्हणतील, कुठून भरणार ते देव जाणे.

"ताई," ते म्हणाले, "पिशवी जरा मांडीवर घे. मला तुझ्याशेजारी बसायचंय."