हाडांचं खत

दादाने हाडांच्या भुकटीच्या गोण्या आणल्या, तेव्हा मी मेहकरहून सुट्टीला घरी आले होते. आमच्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर मेलेली गुरं ओढायचं काम सोडलं, म्हणून गावाने त्यांची मजुरी बंद केली होती. हे मला आत्याने सांगितलं. बाबा त्यावर कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"माह्या बापानं ढोरं ओढनं सोडलं, अन् तू हाडं इकत आनली?"

"बाबा, कारखान्यातून येते हे. हाडात स्फुरद असते. पिकाच्या मुळ्या जोर धरतात."

"माह्या वावरात नाही पाह्यजे."

दादाने ऐकलं नाही. हरभऱ्याच्या अर्ध्या वावरात त्याने भुकटी टाकली, उरलेल्यात नेहमीसारखी गोबरगॅसची स्लरी. बाबांनी वावरात जाणंच सोडलं. दिवसभर ओट्यावर बसून राहत.

स्लरीकडचा हरभरा दाट झाला. भुकटीकडचा खुजाच राहिला, खोडांवर जांभळट झाक. शेवटी मी पुन्हा सुट्टीला आले तेव्हा दादा आणि मी तिथली माती घेऊन बुलढाण्याला तपासायला गेलो. माती परीक्षण केंद्रातल्या बाई तपासून म्हणाल्या, "तुमच्या जमिनीत चुनखडी फार. अशा मातीत हाडातलं स्फुरद विरघळत नाही. वावरात आहे, पण मुळांना मिळत नाही."

"मग पैलेपासून काऊन कोनी सांगतलं नाही?" दादा म्हणाला.

"विचारलं होतं का कोणाला?"

जिवाणू खत आणि भरपूर कंपोस्ट घाला, हळूहळू थोडं स्फुरद सुटेल, असं त्यांनी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये त्याने मला विचारलं, "बाबाले काय सांगू?"

"बाई म्हणाल्या तेच सांग."

घरी त्याने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. आता बाबा सुनावतील असं मला वाटलं. बाबांनी एवढंच विचारलं, "साऱ्या वावराले स्लरी पुरन का?"

"नाही पुरत."

"मंग खड्डा खंदा लागते. कुटार हाये घरी." ओट्यावरून उठत म्हणाले, "राह्यल्या गोण्या देऊन टाक कोनाले."

उन्हाळ्यात बाबा आणि दादाने मिळून कंपोस्टचा खड्डा खणला. सोयाबीनच्या मळणीचं कुटार, शेण, स्लरी, थरावर थर. बाबा पुन्हा रोज वावरात जाऊ लागले.

पुढच्या हिवाळ्यात भुकटी टाकलेल्या अर्ध्यातला हरभरा दुसऱ्या बाजूइतका नव्हता, पण गुडघ्याला लागत होता. मी गेले तेव्हा बाबांनी तिथलेच घाटे तोडून आणले. वहिनीने ते सोलून हिरव्या दाण्यांची, सोल्यांची भाजी केली. दादाने दोनदा मागून घेतली.