पसंती सांगणारी गांडुळे

शमीम मॅडम गेल्याचे त्यांच्या भाचीने फोनवर सांगितले, तेव्हा माझ्या तोंडून शोकाचा एकही शब्द निघाला नाही. "ओट्यावरची पेटी कुणी हलवली नाही ना?" एवढेच मी विचारले. लिहिण्याचा सराव नाही. आरंभ कुठून करावा, तेही नीट कळत नाही... तेव्हा त्या पेटीपासूनच करते.

चिखलीच्या महाविद्यालयात मी संस्कृत शिकवीत असे, त्या प्राणिशास्त्र. निवृत्तीनंतर शेजार तेवढा उरला. देऊळघाटच्या गजाननभाऊंच्या शेतात डिझेलचा टँकर उलटला आणि पुढच्या पेरणीआधी ते पोतेभर माती घेऊन मॅडमच्या दारी आले. मॅडमनी पेटीच्या एका अर्ध्यात ती माती भरली, दुसऱ्यात स्वच्छ, आणि मधोमध गांडुळे सोडली. माती विषारी असेल तर गांडुळे तिच्यातून दूर सरकतात.

"पोरगी पाहाले पाहुणे आलेत, भाऊ. दोन दिवसांनी पसंती सांगतीन."

"नांगरून टाकली मॅडम, वासही गेला. आता हे किडे मले शेती शिकवतीन काय?"

"वास गेला, जहर नाही गेलं. काऊन घाई करता?"

पेटी उघडली तेव्हा झाडून सारी गांडुळे स्वच्छ मातीत होती. गजाननभाऊ तणतणत निघून गेले. पण तो तुकडा त्यांनी पेरला नाही. पुढे ते शेणखत घालीत, माती वरखाली करीत, आणि मॅडम नवी पेटी लावीत. प्रत्येक वेळी नकार कळवताना त्यांचा आवाज असा खाली जाई, की जणू त्यांच्याच लेकीला कुणी नाकारले होते.

शेवटची पेटी लावली आणि दुसऱ्याच दिवशी हृदयविकाराने... दफन झाले. त्यानंतरच्या सकाळी गजाननभाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "ताई, आता तुमीच पाहा."

निकाल सांगणे माझे काम कधीच नव्हते. भीतभीत माती उकरली. गांडुळे दोन्ही अर्ध्यांत सारखीच पसरली होती. त्यांनी डावे-उजवे केले नव्हते. पुन्हा एकदा पाहिले, मग कशीबशी म्हणाले, "पसंत आहे."

त्यांनी पेटीतले एक गांडूळ अलगद तळहातावर घेतले. "माती तं काही सासरी जात नाही," ते म्हणाले. "यायलेच घरजावई करून नेतो."

मीही त्यांच्यासोबत देऊळघाटला गेले. त्यांनी वाकून गांडुळे त्या तुकड्याच्या मधोमध ठेवली. शेवटचे मातीत शिरून दिसेनासे होईपर्यंत आम्ही दोघेही तिथून हललो नाही.