डॉक्टरीणबाईंचे मॉसफेट

आमच्या गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना चार पंख्यांचं ड्रोन बनवायचं वेड लागलं. त्याच्या पंख्यांच्या मोटरी चालवणारे ड्रायव्हर, म्हणजे छोटी सर्किटं, बाजारात तयार मिळतात, पण बाईंना तेही स्वतःच्या हातांनी करायचे होते. दात तपासायचं भिंग डोळ्यांना लावून त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत सोल्डरिंग करत बसायच्या.

घोडं अडलं मॉसफेटवर. मोटरची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणारा हा नखाएवढा तुकडा. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक ‘शंभर अँपियर’ पाहून बाईंनी एक निवडला. एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन दिलं, भूल चढेपर्यंत वेळ आहे म्हणून मागे गेल्या आणि टेबलाला बांधलेल्या ड्रोनचा वेग वाढवला.

पेशंटच्या नाकात वास गेला. “डॉक्तल, माझं काही जळतंय का?”

“तुमचं नाही, माझं!” आतून आवाज आला.

नवरा विमा कंपनीत. जेवताना म्हणाला, “शंभर लिहिलं होतं ना?”

“ते तो सतत गार ठेवला तर. बारीक अक्षरांत खाली लिहिलंय.”

“अगं, मग हे आमच्याच धंद्यातलं निघालं!”

बाईंनी मग विजेला सगळ्यात कमी रोध करणारा मॉसफेट आणला. रोध कमी म्हणजे तापणं कमी, असा सरळ हिशेब. तो आणखी तापला.

“हा उघडायला-मिटायला जड आहे,” त्या वैतागल्या. “त्याला चालू-बंदचा इशारा देणारी माझी चिप त्याला झटकन ढकलू शकत नाही. अर्धवट उघडा राहतो आणि तापतो.”

“तू चिडतेस तसं,” सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला बाईंनी मधला मार्ग धरला. रोध बेताचा, उघडायला हलका. मोटर अचानक थांबली की विजेचा झटका उलटा येतो, म्हणून बॅटरीच्या दुपटीहून जास्त व्होल्टेज सोसणारा.

रविवारी सगळे गच्चीवर जमले. ड्रोन भुर्रकन वर गेलं, हवेत छान स्थिरावलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी त्या आनंदात भलतंच बटण दाबलं आणि ड्रोन सरळ पाण्याच्या टाकीवर आदळलं. पंखे चारी दिशांना उडाले.

नवऱ्याने डोक्याला हात लावला. बाई मात्र सांगाड्यापाशी उकिडव्या बसून एकेका मॉसफेटला बोट लावत होत्या.

“अहो, इकडे या, हात लावून बघा!” त्यांचा चेहरा उजळला होता. “नुसते कोमट आहेत, कोमट!”