रवाळ फोड

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. मी चाकणला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो आणि डोकं माझं कायम तापलेलं असायचं. त्या वर्षी तर कारणच होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या पोटातून नारळाएवढी पाण्याची गाठ काढली. ताई बरी झाली, पण सासूबाईंनी तिला माहेरी धाडलं ते धाडलंच. "खानदानी रोग हाय तुमच्यात, उद्या माझ्या नातवंडांना व्हईल," म्हणाल्या. ताई ओसरीवर गहू निवडत वाटेकडे बघत बसायची. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास न्यूझीलंडहून एक साहेब आमच्या दवाखान्यात आला. आमच्या डॉक्टरांचा आणि त्याचा दोन वर्षं पत्रव्यवहार चालला होता. मेंढरांच्या कलेजीत तसल्याच पाण्याच्या गाठी होतात. त्याच्या देशात त्यांना पक्कं ठाऊक होतं, की गाठीत रव्यासारखे कण असतात. ते खाल्ले की कुत्र्याच्या आतड्यात बारीक जंत होतात आणि त्या जंतांची अंडी हातातोंडावाटे माणसाच्या पोटात जातात. आपल्याकडेही तसंच घडतं का, हे दोघांना मिळून शोधायचं होतं. मला त्यातलं एकच कळलं. तसं घडत असेल, तर ताईचा रोग खानदानी नाही.

गाठी आणायचं काम माझ्याकडे होतं. देहूरोडला छावणीसाठी मेंढरं कापणारे एक चाचा होते. आठवड्यातून दोनदा मी सायकल हाणत त्यांच्याकडे जायचो. फार मायाळू माणूस. डबा घासूनपुसून, भरून तयार ठेवायचे.

सहा आठवडे साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला आणि प्रत्येक गाठीपुढे शून्य लिहीत गेला. आत नुसतं नितळ पाणी, रवा औषधालाही नाही. शेवटी तो डॉक्टरांना म्हणाला, इथल्या मेंढरांतल्या गाठी वांझ दिसतात, त्यातून कुत्र्यांना काही होणार नाही. आणि तो पेट्या बांधायला लागला.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच देहूरोडला गेलो आणि चाचांवर ओरडलो, "कसल्या गाठी देताय राव मला? सगळ्या वांझ!"

चाचा बावचळले. "अरे भाऊ, एकेक गाठ उजेडात धरून बघतो मी. काचेसारखी साफ असली तरच डब्यात टाकतो. रवाळ फोड एक जाऊ देत नाही."

"रवाळ फोड?"

"आत रवा असतो तो. दिसायला गढूळ, खराब. पाहुणा सात समुद्र ओलांडून आलाय, त्याला खराब माल देऊ? माझी अब्रू राहील का?"

"मग त्याचं करता काय?"

चाचांनी मागच्या दाराकडे बोट केलं. तिथे चार गलेलठ्ठ कुत्री शेपट्या हलवत बसली होती.

मी तिथेच उकिडवा बसलो आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. सहा आठवडे आमचं शास्त्र पाहुणचाराने अडवून धरलं होतं.

साहेबाला मी पेट्या सोडायला लावल्या. पुढच्या खेपेला डबाभर रवाळ फोड आले. साहेबाने पहिला थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि खुर्ची उलटी पडेल इतक्या जोरात उठला. मग डॉक्टरांनी पाहिलं, मग मी. कणाकणात बारीक हुकांची गोल रांग होती, म्हणजे एकेक कण जंताचं डोकंच. साहेबाने 'रवाळ' हा शब्द तीनदा म्हणवून घेतला आणि त्याच्या देशातल्या सोबत्यांना लिहिलेल्या पत्रात तसाच घातला. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते आठवडाभर छाती काढून चालत होते.

आता साहेबाला कुत्रं हवं होतं. मी त्याला आणि डॉक्टरांना थेट ताईच्या सासरी नेलं. सासूबाईंचं लाडकं कुत्रं त्यांच्या ताटाला ताट लावून जेवायचं, आणि घरी मेंढरू कापलं की खराब कलेजी त्याचीच. साहेबाने त्याला सुपारीतून काढलेलं औषध पाजलं. थोड्या वेळात कुत्र्याचं पोट साफ झालं आणि साहेबाने हातमोजे घालून त्यातून तिळाहून बारीक, पांढरे जंत वेचले. भिंग सासूबाईंच्या हातात दिलं.

"अगं बया! ह्ये माझ्या लेकराच्या पोटात?"

"आणि तिथून माझ्या ताईच्या," मी म्हणालो. आवाज चढला होता, चढू दिला.

डॉक्टरांनी मला आवरलं. "ह्याच कुत्र्यापासून झालं, असं नाही सांगता येत. पण आजी, हा रोग कुत्र्याचा आहे, रक्ताचा नाही."

चौथ्या दिवशी सासूबाई खण-नारळ घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "चल गं घरला. चुकलं माजं."

मला वाटलं, ताई धावतच निघेल. तिने सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कुत्रं कुठं जेवतंय आता?"

"भाईर."

"खराब कलेजी?"

"खड्डा खणून पुरतो, डाक्तरनं सांगितल्यापरमानं."

सासूबाई ओटी भरायला पुढे झाल्या. ताईने त्यांचे हात धरले, उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "आधी धुवा."

मी पळत जाऊन तांब्या आणला. सासूबाईंनी हात धुतले, दोनदा. मग ताईने पदर पुढे केला.