दाजींची विलायती मोटार

माझ्या बहिणीचे यजमान प्रेमराज, म्हणजे आमचे दाजी, बोलायला बसले की वाटावं, मोटारीचा शोध यांच्याच हातून लागायचा राहून गेला. जळगावात त्यांचं पाईप आणि पाणमोटारींचं दुकान. गिऱ्हाईक आलं की नोकर उठायचा. दाजी मोबाईलवर परदेशातले लोक घराच्या आवारात जुन्या गाड्या नव्या कशा करतात ते बघत बसायचे. बघून बघून आपल्यालाही ते येतं, असं त्यांना वाटू लागलं. पोहण्याचे व्हिडिओ बघितले असते तर मेहरूणच्या तलावात उडी मारली असती, आणि निकाल तरी लवकर लागला असता.

धुळ्याला कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये त्यांना ती गाडी सापडली. विलायती, दोनच सीटांची, कापडी टपाची. कुण्या हौशी मालकाने आजोबांच्या काळात आणलेली. सीटमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. दाजींनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून मेहरूणला घरी आणली, नारळ फोडला, निळी डांगरी चढवली आणि जमलेल्या कॉलनीला सांगितलं, "गॅरेजला देणार नाही. घरीच, स्वतःच्या हातानं करणार."

मग खोलायला घेतली. खोलण्यात दाजींचा हात कुणी धरू शकत नाही. एकेक नट काढायचा, त्याचा व्हिडिओ टाकायचा, खाली लोकांचे अंगठे मोजायचे. कुठला नट कुठला, याची खूण करून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटलं. "डोक्यात आहे सगळं," म्हणाले. त्यांची आई झुंबरबाई ओट्यावर वाती वळत बसली होती. तुपाच्या रिकाम्या डब्यांत पडलेले इंजिनाचे तुकडे बघून ती म्हणाली, "बठ्ठं खोली टाकं रे भाऊ, आते लावी कोन?"

हे सगळं पुन्हा लावणार कोण, असं आई विचारत होती तोवर दाजींनी पुढचा नट काढायला घेतला.

शेवटी धुळ्याच्या कादर मिस्त्रीला बोलावलं. तो सांगाड्याभोवती फिरला, डबे हलवून बघितले आणि म्हणाला, "शेठ, या इंजिनाचं आता काही खरं नाही. दुसरं बसवतो. झकास पळेल."

मूर्तीला प्लॅस्टिकचं नाक लावू म्हटल्यासारखं दाजींनी त्याच्याकडे बघितलं. "ओरिजिनल म्हणजे काय कळतं का तुला? इंग्लंडहून पार्ट मागवीन."

कादर चहा पिऊन निघून गेला. पार्ट आले नाहीत, कारण कुठले मागवायचे हेच दाजींना ठाऊक नव्हतं.

पुढची काही वर्षं माझ्या बहिणीचा, मेघाचा, संसार त्या सांगाड्याच्या कडेकडेने चालला. दिवाणखान्यात सीटं, पलंगाखाली गिअरबॉक्स, उन्हाळ्यात बोनेटवर उडदाचे पापड. मी कधी चिडून बोललो की ती म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, भाऊ."

आणि याच काळात दाजी मोठे झाले. व्हिडिओ बघून लोक त्यांना सल्ला विचारू लागले. न केलेल्या कामाचा अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता, तो ते सढळ हाताने वाटायचे. मग धुळ्याच्या हौशी मंडळींनी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरवलं आणि दाजींना सत्काराला बोलावलं. गाडीसकट.

शहाण्या माणसाला त्या दिवशी ताप आला असता. दाजींनी सांगाड्याला चाकं, दरवाजे, सीटं आणि बोनेट लावून घेतलं, वर लालभडक रंग मारून घेतला आणि गाडी ट्रकमधून मैदानात उतरवली. मी माझ्या गावाहून, पिंपळनेरहून मुद्दाम गेलो होतो. शाल झाली, श्रीफळ झालं. "इंजिन हे गाडीचं हृदय असतं," असं दाजी माईकवर म्हणाले, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या मेघाने रुमाल तोंडाला लावला.

प्रमुख पाहुणे एक निवृत्त प्राचार्य होते. "चला प्रेमराजभाऊ, एक चक्कर होऊन जाऊ द्या!" म्हणत ते गाडीत जाऊन बसलेसुद्धा. दाजींना स्टिअरिंगवर बसावंच लागलं. त्यांनी किल्ली फिरवल्यासारखं केलं. "बॅटरी बसलेली दिसते."

"धक्का मारा रे!" कुणीतरी ओरडलं. दहा हात लागले. मैदान उताराचं, गाडी निघाली, टाळ्या पडल्या. इंजिन नाही हे दाजींना ठाऊकच होतं. ब्रेकही जोडलेला नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं.

"अहो, थांबवा!"

"थांबतेय साहेब, थांबतेय!"

गाडी आवाज न करता मांडवामागच्या रसवंतीच्या उसात शिरली. बोनेट धाडकन उघडलं. लोकांनी वाकून बघितलं, तर आत काहीच नाही, थेट खालचं गवत दिसत होतं. प्राचार्यांनी अंगावरचं पाचट झटकलं आणि शांतपणे विचारलं, "हृदय कुठंय हो?"

दाजींनी संध्याकाळी मोबाईलवर टाकलं, 'पहिली चाचणी यशस्वी.'

प्रदर्शन बघायला कादरही आला होता. मेघाने त्याला मैदानातच गाठलं.

"कादरभाऊ, ही गाडी परत माझ्या घरी येणार नाही. तुमच्याकडे न्या. चालेल ते इंजिन घाला."

"आणि शेठ?"

"शेठांना चालणारी गाडी नकोच होती कधी."

कादरने एका जुन्या व्हॅनचं इंजिन बसवलं. इंजिन बदलल्याची नोंद करायला आरटीओत मेघाच गेली, गाडी चालवायलाही तीच शिकली. आता रविवारी टप मागे टाकून ती झुंबरबाईला पद्मालयाच्या गणपतीला घेऊन जाते. म्हातारीला वारा आवडतो. रस्त्यात ट्रकवाले हॉर्न देतात, तर ती सगळ्यांना हात करते. दाजी मात्र त्या गाडीत पाय ठेवत नाहीत. "ओरिजिनल राहिली नाही," म्हणतात.

परवा मी गेलो तर दोघी गाडी घेऊन बाहेर गेल्या होत्या. दाजी ओट्यावर फोन कानाला लावून नाशिकच्या कुणाला तरी शिकवत होते. "सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घाई करायची नाही," असं म्हणत त्यांनी मला हाताने बसायची खूण केली.

मी बसलो नाही.