खुर्च्या मांडायच्या, बसायचं नाही

"ऊठ रं. तिथं सर बसणार हायत."

आण्णांनी भर सभेत सांगितलं. आण्णा म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचे अध्यक्ष, पाटलांच्या भावकीतले. माझ्यापेक्षा वयानं लहान. मी त्यांना आवं म्हणतो, ते मला रं. शिराळा तालुक्यातलं आमचं गाव. असंच चालत आलंय.

मी उठलो. सर म्हणजे भाषणाला आलेले पाहुणे. ते काय तिथं बसले नाहीत. त्यांना स्टेजवर खुर्ची होती. मी उठलो ती खुर्ची तशीच मोकळी राहिली.

चूक माझी एवढीच, वाचनालयाच्या फळ्यावरचं मी खरं धरलं. चौथी शिकलोय. अक्षर अक्षर जुळवून वाचलं, सर्वांना आग्रहाचं निमंत्रण. वाटलं, सर्वांत मी बी आलोच की. पण आमच्या मातंग वस्तीतल्या माणसानं सभेला जायचं ते खुर्च्या मांडायला. मांडायच्या, बसायचं नाही. मांडून झालं की मागं, चपलांपाशी उभं राहायचं. त्या दिवशीची बी सगळी मांडामांड मीच केलेली.

मी आलो होतो त्या पुस्तकासाठी. आफ्रिकेतल्या एका गावाची कादंबरी, मराठीत आलेली. तिच्यावर भाषण होतं. माझ्या बायकोनं ती ऐकली होती. तिच्या दुखण्याचे शेवटचे महिने आम्ही साताऱ्यात लेकीकडं होतो. लेक दवाखान्यात नर्स. ड्युटीवरनं आली की आईच्या उशाला बसून वाचायची. मी पायाशी.

पुस्तकातल्या त्या गावात एक घराणं असतं. आमचे वाडवडील इथं पहिले आले, म्हणून आम्ही वरचे, असं म्हणणारं. ते वाटेनं निघाले की बाकीच्यांनी वाट सोडून खाली उतरायचं. मग गोरा साहेब येतो. तो बी स्वतःला वरचाच समजतो. तो त्या घराण्यातल्या म्हाताऱ्याला वाटेवरनं खाली उतरवतो. लेक तिथं रडली. ही नाही रडली.

"आत्ता कळलं व्हय त्याला?" ही म्हणाली. "बघा तुमी, ह्यो घरी जाऊन बायकूवर वरडणार."

पुढच्या पानावर तसंच निघालं. लय हसली. हसता हसता खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आवं, खाली कुनी उभं ऱ्हायल्याबिगर वरचा हुतोय का कुनी?"

ती गेली. मी गावाला परत आलो. भाकरी थापतो, जमत नाही, तशीच खातो. दिवसभर बोलायला कोण नाही. म्हणून फळ्यावर त्या पुस्तकाचं नाव दिसलं तवा वाटलं, हिच्याबद्दलच कुणीतरी बोलणार हाय.

सर चांगलं बोलले. स्वतःला श्रेष्ठ समजणं, हेच गुलामगिरीचं मूळ, म्हणाले. गोऱ्यांना लय शिव्या घातल्या. टाळ्या पडल्या. आण्णांच्या सगळ्यात जोरात.

मी चपलांपासनं हात वर केला. "आवं सर, त्या गावातल्या खालच्यांचं काय? गोरा यायच्या आदी त्यांस्नी कोन उतरवत हुतं?"

सरांनी आण्णांकडं बघितलं.

"तुला कुनी रं आफ्रिका शिकिवली?" आण्णा म्हणाले. लोक हसले.

"माझ्या बायकूनं."

"आरं, ती तर आंगठा लावायची की!"

मग तर हसून हसून पोटं धरली लोकांनी. बायका बी हसल्या. ज्यांच्या लग्नात हिनं खरकटी काढली त्या बी हसल्या.

माझं सोडा. मला हसले असते तर गिळलं असतं, जन्मभर गिळलंच. पण ती मेलेली बाई. तिला वर्ष झालं नव्हतं.

मी चालत गेलो. त्या मोकळ्या खुर्चीवर बसलो.

"ऊठ म्हनलं न्हवं तुला?"

"न्हाई उठत."

"कुनाच्या जिवावर रं एवढं?"

कुणाच्याच नाही. शेजारचे दोघं उठून दुसरीकडं गेले. मागनं कुणीतरी म्हणालं, "म्हातारं सटकलंय." सरांनी आभार मानले, पाणी पिले, मोटारीत बसले. सभा उठली. मी बसलेलाच.

घरी येऊन कुलूप काढलं. हिला सांगावं म्हणून तोंड उघडलं, आणि मिटलं.

सकाळी निरोप आला, खुर्च्या आवरायला ये. दारातनंच सांगितलं, "त्यांच्या त्यांनी उचला म्हनावं. हितनं म्होरं मांडायच्या बी त्यांनीच."

लेकीच्या कानावर गेलं, तिचा फोन आला. "आबा, तुमी तितं एकटं हायसा. जरा दमानं घ्या."

एकटा हाय, हेच तर. इतकी वर्षं मान खाली घातली ती हिच्यापायी. हिला कामावरनं काढतील, हिचं पाणी तोडतील. आता कुणाचं पाणी तोडणार? पुढच्या महिन्यात परत सभा हाय. मी जाणार. पुढं बसणार. उचलून बाहेर टाकतील. टाकू द्यात. परत आत येणार.