फौजेची चिप आणि आमची अर्ध्या एचपीची मोटर

हसणार नसाल तर सांगते. जाऊ द्या, हसणारच तुम्ही! कप तेवढा खाली ठेवा, ठसका लागंल.

त्या दुष्काळात उदगीरला आमच्या गल्लीत बारा दिवसांनी नळ यायचा. आला तरी धार करंगळीएवढी! म्हणून घरोघरी एक गुपित होतं. नळाच्या पाइपाला थेट मोटर. सापडली तर मोटर जप्त आणि नळ बंद. आता गुपित म्हणायचं ते आपलं नगरपालिकेपुरतं. पाणी सुटलं की अख्खी गल्ली घरघरायची!

त्यातच माझा धाकटा भाऊ बसू सुट्टीवर आला. फौजेत कॉम्प्युटरच्या कामाला आहे तो. येताना माझ्या गौरीसाठी नवा लॅपटॉप घेऊन आला.

"अक्का, साधा न्हाई ह्यो," बसू म्हणाला. "ह्याच्यात कुलपाची चिप बसवलेली हाय. आता आमच्या फौजेत असली चिप असल्याशिवाय मशीन घेतच न्हाईत."

"कशाला पण?"

"चालू होताना ते आधी स्वतःलाच तपासतं. कुणी आत हात घातला असं वाटलं की उघडतच न्हाई. कुणावरच भरोसा ठेवत न्हाई ते."

आता तुम्हीच सांगा, जे कुणावर भरोसा ठेवत नाही त्याच्यावर आपण का ठेवावा?

"बसू, घरात काय चाललंय ते कळतं का रे त्याला?"

"न्हाई गं अक्का!"

लई घाईनं न्हाई म्हणाला. मला तिथंच शंका आली.

बसू गेला आणि मी शेजारच्या शकिला भाभीला सांगितलं. फक्त तिलाच. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर मलाच एकीनं विचारलं, "त्या गल्लीत कुणाकडं म्हणं फौजेचं मशीन आलंय?"

शकिला भाभीनं तर डोकंच लावलं. "सुमनबाई, उदगीर जिल्हा होनार बोलते ना? मंग घरोघरची यादी लागंल की! कुनाकडं किती मोटरी, सगळं त्या चिपमधून जानार. या अल्ला!"

जिल्हा होणार, जिल्हा होणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकून राहिले. पण त्या दिवशी पटलं बघा!

मग काय? नळ यायच्या दिवशी मी लॅपटॉप शालीत गुंडाळला आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरला. म्हटलं, ऐक आता! वर झाकण लावलं आणि मग मोटर चालू केली.

गौरी कॉलेजातून आली. "आई, लॅपटॉप कुठाय?"

"विश्रांती घेऊन राहिला."

असं किती दिवस चालणार? शेवटी शकिला भाभीचे मिस्टर इस्माईलभाई, जळालेल्या मोटरी तांब्याच्या तारेनं बांधून देतात, त्यांना बोलावलं. म्हटलं, चिप तेवढी काढून द्या. त्यांनी मागचं झाकण उघडलं, एक वायर काढली, परत बसवली, आणि मान हलवली.

"बाई, ह्याच्यात तांबंच न्हाई. मोटर असती तर बांधून दिली असती."

झाकण लावलं. मशीन सुरू केलं, तर पडद्यावर लांबलचक आकड्यांची किल्ली मागायला लागलं! गौरीनं घर डोक्यावर घेतलं. बसूला फोन केला.

"उघडलंस ना अक्का? सांगितलं होतं मी! त्याचं काम केलं त्यानं. माझा दोस्त बालाजी गुरुवारी सुट्टीवरून निघणार हाय, त्याच्याजवळ दे. इथं नीट करतो."

मी लॅपटॉप सवयीनं परत ज्वारीत पुरला. गुरुवारी काढू म्हटलं.

आणि बुधवारी गल्लीत बोंब! नगरपालिकेची माणसं मोटरी धरत येऊन राहिली! मोटर गेली तर घरात पाच माणसं, पाणी कुठून आणू? मोटर उपटली, लॅपटॉपच्या रिकाम्या खोक्यात कशीबशी कोंबली, वरून सुतळी आवळली, खोकं पलंगाखाली. ती माणसं आली, नळ बघितला, गेली. मी मनात म्हटलं, सुमन, तुझ्यासारखी हुशार बाई जिल्ह्यात न्हाई!

गुरुवारी सकाळी टँकर आला. रांगेत माझा नंबर तिसरा. तेवढ्यात बालाजी ऑटोतून हजर. "अक्का, गाडीची वेळ झाली! बसूचं सामान?"

आता टँकरची रांग कुणी सोडतं का? तिथूनच ओरडले, "पलंगाखाली खोकं हाय, लॅपटॉपचं! उचला!"

बालाजी खोकं पोटाशी धरून, वाकून बाहेर आला. "अक्का, लई जड हाय की हो!"

"फौजेची चिप हाय ती! जड असणारच!"

रांगेतल्या बायका काय कौतुकानं बघत होत्या माझ्याकडं!

दुसऱ्या दिवशी बसूचा फोन. आवाज एकदम बारीक.

"अक्का, काय पाठवलंस तू?"

छावणीच्या फाटकावर खोकं उघडलं होतं. आत लोखंडी डबडं, दोन वायरी, पाइपाचा तुकडा. बालाजीला तीन तास बसवून ठेवलं, मग बसूला बोलावलं. साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" बसू म्हणाला, पाणी ओढायची मोटर. साहेब म्हणाले, "नळाला पाणी आपोआप येत नाही?" आता त्यांना काय माहीत उदगीर!

"मग रे?" मी विचारलं.

"मग काय, लेखी द्यावं लागलं. वस्तू कुणाची, कशाला वापरतात, सगळं. तुझं नाव, पत्ता. नळाच्या पाइपाला थेट लावून पाणी ओढण्यासाठी, असं लिहिलं. सही केली. शिक्का बसला."

मी कोठीजवळ मटकन खाली बसले. लॅपटॉप आत ज्वारीत, शालीत गुंडाळलेला. कुणाला चकार शब्द बोलला नव्हता बिचारा.

शकिला भाभीनं सगळं ऐकून घेतलं, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "सुमनबाई, उगीच त्या चिपला कोंडलं तुमी. कोठीत तुमीच बसायचं होतं की!"